टोपी दिसत होती, ईरा नव्हती

इंदूरकर आई-बाबांनो, आजचंच सांगते. डे-केअरची मुलं लालबागला नेली होती. लांबून दिसावीत म्हणून सगळ्यांना पिवळ्या टोप्या घातल्या होत्या.

ईरा झुडपामागे खेळायला गेली होती, तिची टोपी दिसत होती, म्हणून मी निश्चिंत. हाक मारली, "ईरा, चल बेटा." टोपी हलेना. जवळ गेले तर ती एका रोपावर ठेवलेली. मी इकडेतिकडे बघत तिला हाका मारत सुटले.

तेवढ्यात आमच्या मदतनीस सुनीताताई लांबून म्हणाल्या, "मॅडम, घबराओ मत, नळापाशी माझ्याजवळ आहे."

ईरा ओंजळीत पाणी घेऊन आली. म्हणाली, "त्या झाडाला धूप लागत होती ना."

मी तिला घट्ट जवळ घेतलं. परतताना जोड्या लावल्या आणि नाव घेऊन एकेकाचा चेहरा बघितला. आता रोज असंच करणार.

मुलांना बाहेर नेताना तुम्ही काय करता?