‘नको’ म्हणालेला हात

आमच्या संशोधन विभागाच्या प्रमुख डॉक्टर मॅडमना सगळे पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत. मी तिथली नर्स, मीही म्हणायचे. त्यांच्या सासूबाई पाहुण्यांना सांगत, “सून नशेवर काम करते,” आणि लगेच चहा हवा का विचारत. काम असं: गोळ्यांनी न हटलेल्या नैराश्यावर भास घडवणाऱ्या एका अळंबीचा अर्क द्यायचा. कायद्याने त्याला बंदी, म्हणून खास परवानगीने एकच डोस. मग माणूस भानावर येईपर्यंत आम्ही दोघींनी शेजारी बसायचं.

स्पर्शाचा नियम मॅडमचा. डोसआधी विचारायचं, हात धरलेला चालेल का? ‘नको’ म्हटलं, तर नंतर कितीही विनवलं तरी नकोच. दुसऱ्या एका केंद्रात अशा अवस्थेतल्या बाईचा गैरफायदा घेतला गेला होता. तेव्हापासून या नियमासाठी मॅडम मंजुरी देणाऱ्या समित्यांशी कडाकडा भांडत आल्या होत्या. मला तो पटायचा.

मग ते काका आले. निवृत्त लिफ्ट मेकॅनिक. बायको गेल्यापासून घरात कुणाशी धड बोलत नव्हते. लेक घेऊन आली होती. हाताचं विचारल्यावर ओशाळून म्हणाले, “नको. उगाच तुम्हाला कशाला संकोच?”

डोस चढला आणि डोळ्यांवरच्या पट्टीखालून पाणी वाहू लागलं. “हात द्या,” ते म्हणाले. “कुणीतरी हात द्या.” त्यांचा तळवा पलंगाच्या कडेला उघडा पडला होता. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. “काका, आम्ही इथेच आहोत,” एवढंच म्हणत राहिल्या. काका मागत राहिले, मग मागायचे थांबले. मला त्या बाईचा इतका राग कधीच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी काका बोलायला आले ते चक्क हसत. “शब्द पाळलात. चूक माझीच. पुढच्या वेळी ‘हो’ म्हणेन.”

मॅडमचा चेहरा उतरला. “पुढची वेळ नसते, काका. एकदाच. सांगितलं होतं आम्ही.”

“बाहेर कुठे मिळत असेल ना?”

“बाहेर सापडलात तर तुरुंग. कायदा बदलावा म्हणून खेटे घालतेय मी.”

“कधी बदलेल?”

एरवी मॅडमकडे प्रत्येक प्रश्नाला आकडा असे. त्यांनी काकांची फाइल मिटली.

काकांनी आपला तळवा उलटासुलटा करून पाहिला. “मग कालच द्यायचा होतात हो,” ते म्हणाले, आणि बाहेर बसलेल्या लेकीला हाक मारून निघून गेले.

नियम मॅडमनी बदललेला नाही. ‘बदला’ म्हणायला माझीही जीभ रेटत नाही.