सैल बांधलेला हार

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे, माफ करा. चौथीनंतर शाळा सुटली. तोंडाने सांगायला जमत नाही, म्हणून लिहिते.

दसऱ्याच्या सुट्टीत कुरुळी गावातल्या आमच्या खोलीत मुलीने मोबाइलवर पिक्चर दाखवला. शेवटी पृथ्वी फुटणार, तेवढ्यात आभाळातून उजेड उतरतो आणि सगळं थांबतं.

“देवच धावला,” सासूबाईंनी हात जोडले.

“आजी, देव कसला! आपल्यापेक्षा पुढारलेल्या लोकांचं मशीन आहे ते.”

जेवण होईपर्यंत दोघी भांडत होत्या. मी वाढत होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर बसले. खंडेनवमीला आम्ही बायका आपापल्या मशीनला हार घालतो. माझा अजून वर होता, सुकलेला. पत्रा तिरका बसला, सरळ करायला हात आत घातला आणि पाय चुकून पेडलवर पडला. प्रेस हादरली, खाली आली आणि माझ्या बोटांच्या जेमतेम वर थांबली. मी हात ओढून घेतला.

“आईनंच धरली गं मशीन!” शेजारची रडायला लागली.

“कसली आई? सेन्सर आहे तो,” सुपरवायझर म्हणाले. “हात दिसला की थांबवतो.”

मेन्टेनन्सवाल्या भाऊंनी वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. “साहेब, सेन्सरचा खालचा भाग बंद आहे. ताईंचा हात त्याला दिसलाच नाही. हादऱ्याने हार सुटून वरच्या भागासमोर लोंबला, म्हणून थांबली.”

“म्हणजे देवीनं ओव्हरटाइम केला,” मागून कुणी म्हणालं. कुणी हसलं नाही.

हार मीच बांधला होता. गाठ घट्ट बसली असती तर?

“हार काढा, चालू करा. माल जायचाय,” सुपरवायझर म्हणाले.

“दुरुस्त होईपर्यंत मी हात घालणार नाही,” मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना. बाकीच्या बायकाही उठून उभ्या राहिल्या. दुपारी सेन्सर बदलला.

घरी मुलगी म्हणाली, “वरचा भाग चालू होता ना, म्हणजे मशीननेच वाचवलं.”

“आणि हार कुणी पाडला?” सासूबाई.

मी पदराखाली बोटं चाचपत बसले. प्रेस खाली येते तेव्हा अजून डोळे मिटतात.

त्या हाराचे निम्मे पैसे उधार होते. पगार झाल्यावर चौकातल्या फुलवालीकडे गेले.

“अगं, एवढी काय घाई?”

“घे मावशी, या हाराची उधारी नको,” म्हणत मी त्याच हाताने राहिलेले सगळे पैसे तिच्या टोपलीत ठेवले.