मंगलचं पाण्याचं कलम

कापूरहोळच्या फाट्यावर भोरच्या एसटीची वाट बघत उभी होते, तेव्हा मंगलच्या चुलतभावाचा फोन आला. "मंगल गेली," एवढंच तो म्हणाला. मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठं?"... शेळ्या वळवताना तिला साप चावला होता. वेल्ह्याच्या डोंगरातल्या त्यांच्या वाडीतून माणसांनी तिला झोळीत घालून गाडीरस्त्यापर्यंत आणलं, पण दवाखाना गाठायच्या आधीच सगळं संपलं.

आम्ही दोघी भोरच्या कॉलेजात एका वर्गात. मी उत्रोलीची, रोज घरून जाणारी. ती धनगराची पोर, वसतिगृहात राहायची. राज्यशास्त्राच्या सरांनी जोडीनं सादरीकरण करायला सांगितलं आणि आमच्या वाट्याला वेगवेगळ्या देशांच्या संविधानांची तुलना आली. मला ते उरकायचं होतं. कुठं राष्ट्राध्यक्ष, कुठं राजा, झाला तक्ता. मंगल मात्र वाचनालयातून हलायची नाही. इंग्रजी शब्द अडला की मोबाईल माझ्यापुढं सरकवायची. भूताननं निम्म्याहून जास्त देश कायम जंगलाखाली ठेवायचं संविधानातच लिहिलंय, हे कळल्यावर म्हणाली, "मग तितल्या मेंढरांनी चरायचं कुठं, ते न्हाई लिवलं?"

एका दुपारी तिनं माझं मनगट धरलं. "हितं बघ. दक्षिण आफ्रिकेत पुरेसं पानी मिळनं हा हक्क हाय. सरळ लिवलंय." मी म्हटलं, आपल्याकडंही कोर्टानं जगण्याच्या हक्कात पाणी धरलंय. "व्हय, पन आईला वाचून दाखवायचं तर कुठल्या ओळीवर बोट ठिवू?" सादरीकरणात ती त्यावरच बोलली. सुट्टीत घरी जाऊन आईला सगळं सांगणार होती. घरी पोचली ती ऐन भातलावणीच्या गडबडीत, आणि मग तो साप. सांगायचं राहूनच गेलं...

महिन्याभरानं मी वाडीवर गेले. तिची आई चुलीपुढं बसली होती. "कालेजात काय बोलली गं माजी पोर? निवांत सांगते म्हनली व्हती." मी उभ्यानंच सुरुवात केली, तर त्यांनी मला दाराजवळच्या घोंगडीवर बसवलं. "हितं बसून सांग. ती हितंच बसायची, रेंज येती म्हनून."

मी आफ्रिकेतल्या पाण्याचं सांगितलं. त्या पदर तोंडाशी धरून ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तितं बी बायाच आनत्यात का पानी?"

मला ठाऊक नव्हतं. मंगलनं ते शोधून काढलं असतं. तिच्या जागी बसून मी मोबाईल उघडला. रेंज खरंच होती... अक्षरं मात्र दिसेनात.