दुधनीच्या चौकोनातला आकडा

धर्मपालला पाहिलं की माझ्या पोटात दुखायचं. उगाच आडपडदा कशाला ठेवू? सोलापूरच्या आमच्या सरकारी ऑफिसात मी सोळा वर्षं नकाशे काढत होतो आणि तो पाच. तरी नवा साहेब आला की आधी त्याच्याच टेबलाशी थांबायचा.

त्याआधी तो गिरणीत कापडाच्या गठ्ठ्यांवर नंबर रंगवायचा. त्याची आई विठाबाई त्याच गिरणीत कामाला होती. ड्रॉइंगच्या परीक्षा देऊन तो आमच्याकडे चिकटला. त्याचा एक आणि त्याचा नऊ कुणाला कधी सारखा वाटला नाही. दिवसभर शाईत हात, पण पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर ठिपका नाही. डब्यात रोज कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि डबा उघडला की पहिला तुकडा तो मला द्यायचा. मी खायचो. चटणी झकास असायची, त्याचाही मला रागच यायचा.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, दुष्काळ ऐन भरात असताना, विहिरींचं पाणी किती फुटांवर गेलंय ते नकाशावर दाखवायचं काम आमच्याकडे आलं. जिल्ह्याच्या नकाशावर चौकोन आखले होते. एका चौकोनात एक विहीर. ऑफिसातला शिवप्पा गावोगाव हिंडून विहिरी मोजायचा आणि चिठ्ठीवर आकडा आणून द्यायचा. मी तो माझ्या नकाशावर त्या त्या चौकोनात पेन्सिलीनं उतरवून चिठ्ठी रद्दीत टाकायचो. मग चौकोनांत रंग भरायचे. पाणी चाळीस फुटांच्या आत असेल तर फिकट निळा, चाळीस ते साठला गडद, त्याहून खोल असेल तर काळपट. पुण्याचे मोठे साहेब येऊन नकाशा बघणार आणि बोअरचं मशीन आधी कुठं पाठवायचं ते ठरवणार होते.

आणखी एक गोष्ट होती. आमचे हेड ड्राफ्ट्समन गुरुसिद्धप्पा दिवाळीत रिटायर होणार होते. त्यांनी आम्हा दोघांनाही एकेक नकाशा करायला सांगितला, तेव्हाच अख्ख्या ऑफिसनं ओळखलं की साहेबांना ज्याचा नकाशा पटेल त्याची ती खुर्ची. सोळा वर्षं मी त्या खुर्चीकडे बघत आलो होतो.

माझी पद्धत जुनी. आकडे रंगातून डोकावले की नकाशा मळका दिसतो, म्हणून मी ते खोडरबरानं पुसायचो आणि वर दाट रंग द्यायचो. धर्मपालला ते पटायचं नाही. तो आकडे शाईनं कोऱ्या कागदावर लिहायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर वरच्या कडेला टाचून लावायचा आणि रंग त्या ट्रेसिंगवर भरायचा. वरचा कागद उचलला की खाली आकडा जसाच्या तसा. मी त्याला म्हणालो, दुप्पट मेहनत कुणी सांगितली तुला? तो म्हणाला, रंग बघायला असतो, काम आकड्यावर चालतं.

मी रंग लावण्याआधी त्याला आकडे हवे होते. मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचत गेलो, तो लिहीत गेला. करकंब झालं, अक्कलकोट झालं, आणि दुधनीच्या चौकोनाशी आलो. तिथं अठ्ठावन्न होते. मी अडतीस म्हणालो.

त्याचं पेन थांबलं. परत एकदा बघून सांगता का, आबासाहेब, असं त्यानं विचारलं. मी नकाशाकडे बघितलं आणि पुन्हा अडतीस म्हणालो. त्याचा नकाशा चुकावा, साहेबांसमोर चुकावा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुधनीची माणसं त्या मशीनची वाट बघत असतील, हे मनात आलंसुद्धा नाही.

साहेब आले. दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावले होते. माझ्यासमोर ते जास्त वेळ उभे राहिले, काम सुबक आहे म्हणाले. मला आकाश ठेंगणं झालं. मग त्यांचं बोट दुधनीवर आलं. माझ्याकडे गडद निळा, धर्मपालकडे फिकट. कुणाचं बरोबर, असं त्यांनी विचारलं. मी याच घडीसाठी थांबलो होतो. माझंच बरोबर, तिथं अठ्ठावन्न फूट आहे, असं मी ठणकावून सांगितलं.

"कुठं लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. आकडा मीच पुसला होता आणि चिठ्ठीही मीच फेकली होती. धर्मपालनं आपला ट्रेसिंग पेपर उचलला. खाली अडतीस, शेजारी बारीक प्रश्नचिन्ह, आणि त्याखाली लिहिलं होतं, 'वाचन: आबासाहेब'. प्रश्नचिन्ह कसलं म्हणून साहेबांनी विचारलं, तर तो म्हणाला, आजूबाजूच्या चौकोनांत पंचावन्न, सत्तावन्न, एकसष्ट हायत आन मधेच हे अडतीस.

"मग बदललं का नाहीस?"

"मला सांगितलेला आकडा मी माझ्या मनानं कसा बदलू, साहेब? शंका आली ती शेजारी लिवली."

साहेब माझ्याकडे वळले. वाचताना माझी नजर चुकली असेल, असं मी पुटपुटलो. धर्मपालनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं पुन्हा बघायला सांगूनही मी अडतीसच म्हणालो होतो, हे तिथं फक्त त्याला आणि मला ठाऊक होतं. तो बोलला असता तर माझी नोकरी गेली असती. त्यानं फक्त आपलं पेन पुढं केलं.

"आबासाहेब, तुमीच दुरुस्त करा. खोडू नका, नुसती एक रेघ मारा. शेजारी अठ्ठावन्न लिवा आन सही करा."

मी रेघ मारली, अठ्ठावन्न लिहिलं आणि सही केली.

साहेबांनी शिवप्पाला दुधनीला पाठवून विहीर पुन्हा मोजून घेतली. अठ्ठावन्नच निघाले. मशीन आधी त्या भागात गेलं. दिवाळीनंतर धर्मपाल त्या खुर्चीवर बसला आणि पुढं अकरा वर्षं मी त्याच्या हाताखाली काम केलं. तो मला शेवटपर्यंत अहोजाहो करत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर मोकळेपणानं जळता तरी आलं असतं.

त्याचा नकाशा चौकटीत घालून ऑफिसच्या दारासमोरच लावला. चौकट करणाऱ्याला त्यानं वरचा ट्रेसिंग उचलता येईल अशी बिजागरी लावायला सांगितली. नवी माणसं यायची, कागद उचलून बघायची आणि विचारायची, हे आबासाहेब कोण?

मी समोरच बसलेला असायचो.