भाऊजींचं पहिलं अर्धं

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, कोणतंही पुस्तक बरोबर मधातून उघडत. नागपूरच्या महाल भागातल्या वाचनालयात टेबलापाशी उभं राहून दोन्ही अंगठ्यांनी पानांचा गठ्ठा दुभागत आणि तिथूनच वाचायला लागत. कुणी हटकलं तर म्हणत, "बगीचा मधात शिरून पाहावं लागते गा. रस्त्याच्या कडची झाडं त सारेच सजवून ठेवतात." काटोलजवळ त्यांची संत्र्याची बाग, त्यामुळे हे उत्तर कुणालाही पटे. मलाही बरीच वर्षं पटलं होतं.

खरं कारण एकदा ताईनं, शालूताईनं, सांगितलं. वाचनालयातून एका वेळी एकच पुस्तक मिळे, तेही पंधरा दिवसांसाठी. वाचणारे दोघं आणि थांबायची तयारी एकाचीही नाही. म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी वाटणी करून टाकली. पहिलं अर्धं ताईचं, दुसरं भाऊजींचं. ती दुपारी वाचायची, ते बागेला पाणी देऊन, ओलित आटोपून आल्यावर. जेवताना ती त्यांना सुरुवात सांगायची, ते तिला शेवट. त्या घरात तीसेक वर्षांत एकही पुस्तक कुणी पूर्ण वाचलं नाही, आणि दोघांनाही सगळी पुस्तकं पूर्ण माहीत होती.

ताई गेली. त्यानंतर महिनाभरानं भाऊजी एसटीनं नागपूरला आमच्याकडे आले आणि पिशवीतून एक कादंबरी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"पहिलं अर्धं तू वाच. पुढच्या गुरुवारी येतो, तवा सांग मले."

आमच्या खानदानात मी वाचणारा म्हणून प्रसिद्ध आहे. चष्मा लहानपणी लागला आणि घरात काचेचं कपाट आहे, एवढ्यावर ही प्रसिद्धी उभी आहे. प्रत्यक्षात नवव्या पानावर मला झोप येते. पण भाऊजींचा तो चेहरा पाहून नाही म्हणवलं नाही. बुधवारपर्यंत माझी आठ पानं झाली होती. गुरुवारी मी मागच्या वेष्टनावरचा मजकूर वाचला आणि उरलेली शंभरेक पानं डोक्यातून रचून सांगितली. थोरल्या भावाची बायको बाळंतपणात गेली, असं एक करुण प्रकरणही घातलं. भाऊजींनी मान हलवली, पुस्तक घेतलं आणि चारच्या बसनं काटोलला गेले.

रविवारी त्यांचा फोन. "हा लेखक शुद्धीवर आहे काय गा? मेलेली बायको एकशे चाळीस पानावर चहा करून राहिली!"

मी म्हणालो, "हल्ली प्रकाशक तपासतच नाहीत, भाऊजी."

या वाक्यानं मला वाचवलं आणि पुढच्या सगळ्या लेखकांना बुडवलं. दर पंधरवड्याला नवं पुस्तक, नवी थाप. मी वकील केलेला नायक दुसऱ्या अर्ध्यात पंक्चर काढताना सापडे. मी भिवापूरसारख्या लहान गावी पाठवलेली पोरगी दुसऱ्या अर्ध्यात विमानातून उतरे. भाऊजी फोनवर संतापत. "याच्या घरी कोणी वाचणारं नाही काय?" "कागद फुकट भेटते काय याले?" एका लेखिकेला त्यांनी चार पानी पत्र लिहिलं, पत्ता मिळाला नाही म्हणून ती बिचारी वाचली. मी प्रत्येक वेळी गंभीरपणे आजकालच्या साहित्याची अधोगती मान्य करी. बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहत राही. "वाचून टाका ना एखादं," एवढंच ती म्हणे.

पावसाळा संपता संपता भाऊजी नवं पुस्तक न घेताच आले. "बंद केलं," म्हणाले. "सहा महिन्यांत एक पुस्तक सरळ निघालं नाही. शालू होती तवा असं नव्हतं. वाचनालयाचं नाव कमी करून येतो आता."

ताईमागं त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं आणि ते मी माझ्या आळसानं बंद पाडलं होतं. तरी खरं बोलायचं धाडस झालं नाही. "बघा विचार करून," असं काहीतरी मी पुटपुटलो.

तीन तासांनी भाऊजी परत आले ते हातात आधीच्या खेपेचं पुस्तक घेऊन. वाचनालयातल्या बाईंनी त्यांना नाव कमी करायचं कारण विचारलं होतं. भाऊजींनी तक्रारी सांगितल्या. बाई म्हणाल्या, "काका, यात वकील कुठं आहे ते दाखवा बरं." भाऊजी तिथंच बाकावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पुस्तकाचं पहिलं अर्धं वाचलं.

ते माझ्यासमोर बसले. आवाज चढलेला नव्हता.

"वाचाचं नव्हतं त सांगाचं होतं ना गा."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून…"

"सहा महिने मी या लोकाइले शिव्या देऊन राहिलो. घरी कोणी नसते, मोठ्यानं देऊन राहिलो. त्या सगळ्या तुह्या होत्या."

उठताना ते म्हणाले, "वाचाले मले दोन्ही अर्धं येते. ऐकाले एकट्याले येत नाही, म्हणून तुह्याकडे येत होतो."

पुस्तक टेबलावरच राहिलं. ते परत करायला मी गेलो आणि ताईच्याच, अजून कमी न झालेल्या नावावर एक जाड कादंबरी घेऊन आलो. कार्यालयात दोन दिवस रजा टाकली. एकशे बत्तीस पानं वाचली. देवाशप्पथ सांगतो, इतकं कंटाळवाणं मी काही वाचलं नव्हतं. झोप आली की उभं राहून वाचलं. मग फोन केला. त्यांनी उचलला नाही, म्हणून काटोलची बस धरली.

भाऊजी अंगणात संत्र्याचे क्रेट रचत होते. त्यांनी 'बस' म्हटलं नाही. मीच बसलो आणि पहिल्या पानापासून सांगत गेलो. काही जोडलं नाही, काही सजवलं नाही. अर्ध्या तासानं त्यांचे हात थांबले.

"मधल्या बहिणीचं काय झालं मग?"

"माहीत नाही. सत्तराव्या पानापासून ती दिसतच नाही."

मी पुस्तक पुढं केलं, "पाहून घ्या." त्यांनी पान उघडलं नाही. पुस्तक घरात नेऊन ठेवलं.

पुढच्या गुरुवारी ते नागपूरला आले, चप्पल काढायच्या आतच म्हणाले, "शेवटपर्यंत येत नाही ते पोरगी! एवढी लग्नाची पोरगी लेखक विसरला!"

"सांगितलं होतं ना मी?"

"अन् तो म्हातारा दोनदा आजारी काहून पडते?"

"पहिल्या अर्ध्यातही एकदा पडतो."

"म्हणजे तीनदा," भाऊजी म्हणाले आणि टेकून बसले. मग आम्ही दोघांनी मिळून त्या लेखकाचा असा समाचार घेतला, की बायकोनं दोनदा चहा केला आणि चारची बस निघून गेली.