मधलीचा सूर

आयर्लंडमधल्या कॉर्कच्या हॉस्पिटलात मी म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात डॉक्टर होते, तेव्हाची गोष्ट. खिडकीजवळच्या बेडवरच्या आजी दिवसभर काहीतरी गुणगुणायच्या, पण त्यातून गाणं म्हणून काही हाती लागायचं नाही. मला वाटलं, चाल विसरल्या असतील. विचारलं तर म्हणाल्या, "मी मधली ना."

तरुणपणी त्या तिघी बहिणी डान्स हॉलमधून एकत्र गायच्या. थोरली चाल गायची, धाकटी खालचा सूर धरायची आणि या आजी त्या दोघींच्या मधला. त्यांची रेकॉर्ड कधी निघालीच नाही. आता दोघीही गेल्या आणि यांच्याकडे उरला नुसता मधला सूर. शुक्रवारी त्या कायमच्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे तिकडच्या वृद्धाश्रमात, जाणार होत्या. त्याआधी एकदा कुणीतरी थोरलीची चाल धरावी, एवढंच त्यांना हवं होतं.

गाणं त्या काळी गाजलेलं, त्यामुळे फोनवर लगेच सापडलं. मी पुण्यात इतकी वर्षं गाणं शिकलेली. म्हटलं, यात काय मोठंसं. पण आमच्याकडे साथ करायची म्हणजे गाणाऱ्याच्या गळ्यामागून जायचं. आजींनी सूर लावला की दुसऱ्या ओळीला मी निमूट त्यांच्या सुरावर जाऊन बसायचे. दरवेळी.

"माझ्या मागे येऊ नकोस गं," आजी वैतागल्या. "तू तुझ्या वाटेने जा. मी आहे बरोबर."

मग मीही इरेला पेटले. गाडीत फोनवर गाणं लावायचं आणि त्यातल्या बाकीच्या गाणाऱ्या बायकांच्या सुरांना न जुमानता चाल रेटायची. सिग्नलला लोक बघायचे. बघेनात का.

शुक्रवारी त्यांची बॅग भरून झाल्यावर मी बेडच्या कडेला बसले, एका कानात बोट घातलं आणि गायला लागले. दुसऱ्या ओळीला त्यांचा सूर खालून आला. मी हलले नाही. इतके दिवस अर्धवट वाटणारं ते गुणगुणणं माझ्या चालीखाली अचूक येऊन बसलं. शेजारच्या बाई चहा प्यायच्या थांबल्या.

गाणं संपलं. आजी डोळे पुसत म्हणाल्या, "शेवटी सुराच्या जरा वर चढलीस."

"सॉरी."

"अगं, ग्रँड, छानच झालं. थोरलीही तिथेच चढायची."