गंगेत ऐकलेली मालवणी

यजमान गेल्यावर वर्षभर मी रोज देवापुढे बसत होते, पण कशासाठी बसते ते मला कळत नव्हतं. त्यांच्या आजारपणात जे जे मागितलं, त्यातलं काहीच मिळालं नव्हतं. धड राग येत नव्हता, धड श्रद्धाही उरली नव्हती. मुलुंडच्या घरात मी आणि लेक मुग्धा, दोघीच. ती पवईला नोकरी करते. माझी अवस्था बघून एकदा म्हणाली, "आई, देवदर्शन नको म्हणतेस ना, मग राफ्टिंगला चल. हृषीकेशला. पोहता येतं की तुला." मी हो का म्हणाले, ते अजून सांगता येत नाही.

गंगा तिथे हिरवी, बर्फासारखी गार आणि भयंकर वेगाची. रबरी बोटीत आम्ही काही प्रवासी आणि आमचा गाइड. बोटीच्या कडेनं बांधलेली दोरी दाखवून त्यानं बजावलं, "कुछ भी हो जाए, रस्सी मत छोड़ना." सुरुवातीच्या लाटांना मला चक्क हसू येत होतं. मग एका खळाळात बोट उलटली.

पाण्यावर आले तेव्हा दोरी माझ्या मुठीत होती आणि जवळ कुणीच नव्हतं. मुग्धाला गाइडनं काठाकडे ओढलेलं लांबून दिसलं. प्रवाह उलट्या बोटीला खडकाकडे लोटत होता आणि मी त्या दोहोंच्या मधे होते. तरी डोक्यात एकच, दोरी सोडायची नाही. तेवढ्यात एक कयाक, म्हणजे एकट्यानं बसायची निमुळती होडी, माझ्या शेजारी आली. आत एक बाई होती. हेल्मेटखाली तिचा चेहरा नीट दिसेना. ती म्हणाली, "सोड गो, सोड ती दोरी. मी आसंय हंय."

मी सोडली. तिच्या होडीचं टोक धरलं. मागे बोट खडकावर आदळून दुमडली. मला काठाच्या वाळूवर पोचवून ती आपल्या गटामागे निघून गेली. आभार मानायचेही राहिले.

मुग्धा धावत आली, मला घट्ट धरून रडली. जरा शांत झाल्यावर मी म्हटलं, "बघ ना, एवढ्या लांब आपली मालवणी बाई भेटली."

"मालवणी? आई, ती हिंदीत ओरडत होती. छोड़ दो, मैं हूँ ना. आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

गाइड म्हणाला, ती इथलीच, पहाडी असावी.

माझं माहेर कुडाळकडचं, सासर घाटावरचं. आई गेल्यापासून माझ्याशी ती बोली कुणी बोललेलं नाही. कानात पाणी गेलं असेल, घाबरल्यामुळे भास झाला असेल, असं मुग्धा म्हणते. असेलही. मी वाद घालत नाही. कधी वाटतं आई होती, कधी गंगामाई, कधी ती पहाडी बाईच. नीट उलगडा होत नाही. कुणाचे उपकार ते कळलं नाही, म्हणून ज्याचे असतील त्याला पोचोत, एवढंच म्हणून हात जोडते.

गेल्या महिन्यात मुग्धाला बेंगळुरूला नोकरी मिळाली. "तू एकटी कशी राहशील? नाही म्हणून कळवते," ती म्हणाली. मी तिची बॅग माळ्यावरून काढली आणि म्हटलं, "जा गो."